आठ महिन्यांनी घरी आलो आणि खरं सुख न्हाणीत सापडलं. पटतंय का?

पडवीवाला
कंपनीच्या कामासाठी सप्टेंबर ते एप्रिल म्युनिकला होतो, परवा आलो. मुंबईहून मांडवी एक्सप्रेसने चिपळूण, तिथून एसटीने गुहागर, मग रिक्षा. सगळे विचारत होते पहिलं काय खाणार, मासे का आंबा, आणि मलाही वाटलं होतं तेच असणार, पण खरं सांगू का, पहिलं सुख मिळालं ते न्हाणीत. सोडणांवर, म्हणजे नारळाच्या सुक्या सालांवर तापवलेलं पाणी, त्याला तो धुराचा वास, पितळी घंगाळ, आणि तांब्याने डोक्यावरून बदाबदा ओतून घ्यायचं. तिकडे शॉवर मस्त होता, चोवीस तास गरम, तक्रार काहीच नाही, पण काचेच्या कपाटात उभं केल्यासारखं वाटायचं आणि बाहेर थेंब उडाला की पुसा आपणच. पाणीही जड तिकडचं, किटलीत आठवड्यात पांढरा थर आणि चहावर तवंग. आमच्या विहिरीच्या पाण्याचा चहा घेतला तेव्हा कळलं की आठ महिने आपण चहा म्हणून भलतंच काहीतरी पीत होतो.
मग मऊभात, मेतकूट, तूप, पोह्याचा पापड. झोपाळा. संपलं. माणसाला लागतं ते एवढंच, बाकी सगळं आपण उगाच जमवत बसतो असं माझं मत. बोला.

चिपळूणची_सून
दादा, पाणी तापवलं कोणी? नाही, तुम्ही असं लिहिलंय जसं काय ते आपोआप तापतं. सोडणं उन्हात सुकवून पावसाच्या आत माळ्यावर कोण टाकतं, सकाळी राख कोण काढतं, ते घंगाळ चिंच लावून कोण घासतं? आख्ख्या पोस्टमध्ये आई हा शब्द नाही, मी दोनदा शोधला. आमच्याकडे गिझर बसला तो दिवस माझ्यासाठी दिवाळी होता. 22 जुलै 2021 च्या पुरात तो गेला आणि नंतर तीन आठवडे मी चुलीवर पाणी तापवत होते, चिखल काढता काढता. तेव्हा धुराच्या वासाचं कौतुक मला तरी सांगू नका.

पडवीवाला
ताई, मान्य, आईचं नाव घ्यायला हवं होतं. पण दुसऱ्याने दिलं म्हणून सुख खोटं होतं का?

चिपळूणची_सून
खोटं नाही हो. फुकटचं.

देवगडचो_खलाशी
अरे बाबा, आठ दिस बरा वाटता! मी बोटीर काम करतंय, सा-सा म्हयने भायर. समुद्राचा पाणी तापवून त्येच्या वाफेचा गोडा पाणी करतत, त्येका चव नाय नि काय नाय. घराक येऊन विहिरीचा पाणी पितंय तेव्हा डोळे भरान येतत, खोटा कित्याक बोलू? पण नवव्या दिसापासून तोच मी कावाक लागतंय. रेंज नाय, लाईट गेली, डास चावले. मगे बायल विचारता, तुमची बोट परत कधी लागतली?

कोरडा_पऱ्ह्या
तुमची विहीर भरलेली आहे म्हणून या गप्पा. आमची वाडी राजापूरकडे, वर कातळावर. वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, अंगणात उभं राहता येत नाही इतका, आणि सगळा जांभ्या दगडातून झिरपून खाली खाडीला. मे उजाडला की टँकरची वाट बघायची. मागे पुण्याचा पाहुणा आला होता, त्याने दोन घंगाळं पाणी अंगावर ओतलं आणि बाहेर येऊन म्हणाला व्वा, काय सुख आहे कोकणात! आमची आजी त्याच्याकडे बघत राहिली नुसती. ते दिवसभराचं वापराचं पाणी होतं. तुमच्या म्युनिकच्या नळाला मी तरी नावं ठेवणार नाही, थर येवो नाहीतर आणखी काही, पाणी येतंय ना.

खाडीपलीकडे
मी 14 वर्षं कुवेतला आहे, घर दाभोळला. सगळे या बिचाऱ्यावर तुटून पडलात म्हणून लिहितोय. तिकडे जुलैत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एवढं तापतं की थंड नळ सोडला तर हात भाजतो, मग आम्ही गिझर बंद ठेवतो आणि त्यातलं पाणी थंड म्हणून वापरतो. उलटी दुनिया. अशा माणसाला दोन वर्षांतून दोन महिने घर मिळतं, धोपाव्याच्या फेरीबोटीत उभं राहिलं की खाडीचा वारा लागतो, तेवढ्यानेच निम्मा शीण जातो. परतीचं तिकीट खिशात आहे म्हणून गोड लागतं म्हणाल, तर लागू दे की! ते तिकीट आम्ही हौसेने काढत नाही.
पण सूनबाईंचं एक बरोबर आहे. खोलीत सहा जण राहून मी स्वयंपाक शिकलो, त्यामुळे घरी असलो की सकाळचा चहा आणि तांदळाची भाकरी माझ्याकडे. भाकरीचा नकाशा होतो, अम्मी तरी खाते. पडवीवाले, तुम्ही काय करता घरी?

पडवीवाला
दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण उत्तर नव्हतं. काल पाचला उठून चूल पेटवायला गेलो. आधी राख काढायची असते हे माहीत नव्हतं, चुडत, म्हणजे माडाची सुकी झावळी, खाली घालायचं की वर तेही नाही. सोडणांचा नुसता धूर, तो न्हाणीतून माजघरात, मांजर बाहेर पळालं. आई उठून आली, काही बोलली नाही, सगळं बाहेर ओढून पुन्हा रचलं आणि मला म्हणाली, आता फुंक. पाऊण तासात पाणी कसंबसं कोमट झालं. पहिली आंघोळ तिलाच करायला लावली. बाहेर आली तर मी विचारलं, कसं होतं पाणी? म्हणाली, "बरं होतं. उद्या झोप तू."

चिपळूणची_सून
आणि आज झोपलात?

पडवीवाला
साडेसातला उठलो. पाणी कढत होतं.