कार्बन कॉपी ठेवून लिहिलेली पत्रं
अमेरिकन पत्रकार-लेखक हंटर थॉम्प्सनची पत्रं म्हणजे मनात आलं ते ओतलेलं खाजगी लिखाण, म्हणून ती लेखांपेक्षा जास्त खरी, असं म्हटलं जातं, तो मुद्दा मला अर्धाच पटला. खरी आहेत यात वादच नाही, पण बेसावध अजिबात नाहीत. पठ्ठ्या अगदी तरुणपणापासून टाइपरायटरमध्ये कार्बन पेपर घालून पत्रं टाइप करायचा आणि एकेक प्रत स्वतःकडे जपून ठेवायचा, म्हणून तर १९९७ ला 'द प्राउड हायवे' हे त्याच्या पत्रांचं पुस्तक निघू शकलं, नाहीतर १९५५ ते ६७ ची पत्रं कुठून गोळा करणार होते!

त्यातलं १९५८ चं, कॅनडातल्या 'व्हँकुव्हर सन' या वर्तमानपत्राच्या संपादकाला नोकरीसाठी लिहिलेलं पत्र तर वाचाच. वय २१, आणि सरळ लिहितो की तुमचा पेपर मी अजून पाहिलेला नाही, शिवाय माझ्या आधीच्या साहेबाला विचाराल तर तो माझ्याबद्दल वाईटच सांगेल, आमचं एकमेकांशी कधी पटलंच नाही. नोकरी मिळाली नाही ती नाहीच, पण पुढे त्याच्या लेखांत जो धसमुसळा वेग दिसतो ना तो मला या एका अर्जात आधीच पूर्ण तयार झालेला दिसला, वाचताना अक्षरशः अंगावर काटा आला.