‘ॲल्युमिनियम सगळं सारखंच’ म्हणे!

नागमोडी
परवा आमच्या फोक्सवॅगन पोलो जीटी गाडीवाल्यांच्या गटात एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलं, "अलॉय व्हील घेताना पीसीडी जुळतो का बघा आणि डिझाइन बघा. बाकी ॲल्युमिनियम सगळं सारखंच, ब्रँडच्या नावाने लुटतात." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता नाही राहवत.

फक्त पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास ना? ऐका मग. पोलोचा ५×१००, म्हणजे पाच बोल्ट, १०० मिमी. सुबारूचाही ५×१००. माझ्या मित्राने कुठूनशी सुबारूची अस्सल व्हीलं पैदा केली. घरी आणली, लावायला गेला तर बसेनात. सुबारूचं मधलं भोक ५६.१ मिमीचं, आपला हब, म्हणजे व्हील ज्याच्यावर चढतं तो गाडीचा मधला गोल, ५७.१. एका मिलिमीटरने घात केला. मग साहेब गेले लेथवाल्याकडे भोक वाढवायला. त्याने व्हील लेथच्या पकडीत जसं धरलं गेलं तसं कापलं, म्हणजे दोन व्हीलांचं केंद्र सरकलं. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग असं थरथरायचं की वाटावं बॉनेटखाली पिठाची गिरणी चालू आहे. बाजारातल्या बऱ्याच व्हीलांचं भोक ७३.१ असतं. त्यात मधली फट भरायला मापाची हब रिंग घालावी लागते. ती किती दुकानदार स्वतःहून देतात?

ऑफसेटबद्दल, म्हणजे व्हील किती आत-बाहेर बसतं त्याबद्दल, तर कुणी बोलतच नाही. चुकला की टायर मडगार्डला घासतो, नाहीतर आत सस्पेन्शनला. व्हीलच्या मागे लोडचा, म्हणजे ते किती वजन पेलेल त्याचा, आकडा कोरलेला असतो तो वाचा. जेडब्ल्यूएल या जपानी मानकाचा शिक्का असला तरी हुरळून जाऊ नका, तो बनवणारा स्वतःच मारतो. सोबत व्हीआयए असेल तर जपानात त्रयस्थाने तपासलंय असा अर्थ. अर्थात साच्यात अक्षरं कोरायला कुणाचं काय जातं!

रेप्लिका_राजा
तो सद्गृहस्थ मीच. इथे येऊन पाठीमागे बोलायची गरज नव्हती, गटातच विचारायचं.

माझ्या जीटीला चार वर्षं रेप्लिका टीई३७ आहेत, म्हणजे रेज या जपानी कंपनीच्या टीई३७ व्हीलची नक्कल, १७ इंची, वर २०५/४५ टायर. ताम्हिणी, वरंध, आंबोली सगळं झालं. एकदा पुढचं डावं वाकलं, मशीनवर बेंड काढून घेतला, विषय संपला. तुमचं पन्नास हजारांचं व्हील खड्ड्यात गेलं की खड्डा विचारतो का, "आपण जपानचे का?" आपल्या रस्त्यांवर महाग व्हील लावणं म्हणजे चिखलात पैठणी नेसणं.

नागमोडी
टीई३७ नाव घेतलंस म्हणून सांगतो. अस्सल ते १९९६ साली आलं, फोर्ज्ड म्हणजे प्रचंड दाबाखाली घडवलेलं, आणि नावातला ३७ म्हणजे १५ इंची व्हीलचं वजन ३.७ किलो. सगळी मजा त्या वजनात आहे. तुझं काट्यावर ठेव एकदा, मग नाव घे.

मूळ १९५/५५ आर१६ ला टायरची भिंत १०७ मिमी, तुझ्या टायरला ९२. खड्डा खायची पंधरा मिमी गादी तू स्वतः काढून टाकलीस आणि दोष रस्त्याला. फोर्ज्ड शक्यतो वाकतं, ओतीव तडकतं. तुझं वाकलं हे नशीब. उद्या तडा गेला तर वेल्डिंग मारून घेशील, मारणारे आहेतच.

चाकणचा_फिटर
जरा थांबा. ओतीव म्हणजे टाकाऊ असं नाही हं. कंपनीतून गाडीला येणारी व्हीलं बहुतेक ओतीवच असतात, लो-प्रेशर कास्टिंग, म्हणजे कमी दाबाने साच्यात धातू भरून केलेली. एन्केईचा कारखाना तर आपल्या शिक्रापूरला आहे. फ्लो फॉर्मिंगमध्येही मधला भाग ओतीवच राहतो, फक्त कडेचं रिम तापवून रोलरखाली दाबत ओढतात, त्यामुळे ते पातळ होऊनही मजबूत राहतं. त्याला 'रोटरी फोर्ज्ड' म्हणून विकतात, फसू नका. प्रश्न ओतीव की फोर्ज्ड हा नाहीच. तपासलेलं की न तपासलेलं, एवढाच.

आणि गटात पोलोला स्पोर्ट्स कार म्हणतात ते जरा आवरा. १०५ पीएस, म्हणजे जेमतेम तेवढी अश्वशक्ती. माझीही पोलोच आहे म्हणून बोलतो.

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत हा वादच होत नाही. परवानगीची कागदपत्रं नसलेली व्हीलं लावलीत तर गाडीचा रस्त्यावर यायचा परवानाच रद्द होऊ शकतो. कुठल्या मॉडेलला, कुठल्या टायर साइझला चालेल, सगळं छापील येतं. गरज असेल तिथे टीयूव्हीसारखी तपासणी संस्था गाडी बघते, मग नोंद होते.

रेप्लिका_राजा
आलं जर्मनी. अजून सिंगापूर, दुबई कुणी आहे का? म्हणजे एकदाच सगळ्यांचे रस्ते ऐकून घेतो.

बोल्टमावशी
तुम्ही सगळे भोकात अडकलात, बोल्टकडे बघितलंय का कुणी? फोक्सवॅगनचा मूळ बोल्ट गोल बुडाचा, बॉल सीट. बाजारातली व्हीलं बहुतांश कोनाची, ६० अंश. गोल बोल्ट कोनाच्या खाचेत घातला की जेमतेम एका रेघेवर टेकतो. हाताला घट्ट लागतं आणि चालता चालता सैल होतं. राजे, तुमचे बोल्ट कुठले?

बरं, त्याहून मोठा रोग सांगते. टायरवाल्याची बोल्ट आवळायची गन! मागच्या पावसाळ्यात साताऱ्याहून परत येताना खंबाटकीच्या अलीकडे रात्री पंक्चर. गाडीतला पाना लावला, उभी राहिले त्याच्यावर, दोन्ही पायांनी. बोल्ट ढिम्म. पाना वाकला! शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी लांब पाइप लावून मोकळे केले. आठवडाभर आधी नव्या टायरसाठी एका दुकानात गेले होते, त्यांनी गनने ठोकून ठोकून बसवले होते. बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळायचा असतो, माझे किती असतील देव जाणे. यांना कळतच नाही. गनचा ट्रिगर दाबायचा, टर्रर्र, पैसे द्या, निघा.

घाटपायथा
मावशी, अगदी अगदी! माझ्या नव्याकोऱ्या अलॉयच्या बोल्टच्या खाचेचा रंग पहिल्याच दिवशी गनने उडवला. वर म्हणतो, "साहेब, टायर सुटण्यापेक्षा बरं ना?"

टायरवाल्याचा_पोरगा
"यांना कळतच नाही" म्हणजे कोणाला हो? माझ्या बापाने तीस वर्षं हायवेवर दुकान चालवलंय. हाताची बोटं बघा त्यांची, मग बोला. आमच्याकडे टॉर्कचा, म्हणजे नेमक्या जोराला आवळणारा, पाना आहे. भिंतीवर लटकवलाय, धूळ खात. का माहितीय? पाना काढला की गिऱ्हाईक घड्याळ बघतंय. "अरे किती वेळ, गन नाही का तुझ्याकडं?" हे तुमच्यासारखेच साहेबलोक म्हणतात.

आणि नवीन व्हीलं बसवली की बाबा प्रत्येकाला सांगतात, पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत या, बोल्ट फुकट तपासून देतो. किती येतात विचारा. गेल्या दिवाळीपासून एक आला. तोही हवा भरायला.

बोल्टमावशी
तुमच्या वडिलांना नाही म्हणाले मी. पण गनने ठोकणारे आहेत की नाही? माझा वाकलेला पाना अजून डिकीत आहे, फोटो टाकू?

टायरवाल्याचा_पोरगा
टाका. आणि त्याच्याशेजारी परत दुकानात बोल्ट तपासायला गेल्याची पावतीपण टाका.

घाटपायथा
अरे वा, आता चूक आमचीच का! पैसे आम्ही द्यायचे, अक्कलही आम्हीच वापरायची.

टायरवाल्याचा_पोरगा
पैसे? बॅलन्सिंगच्या चाळीस रुपयांत घासाघीस करताय राव तुम्ही. व्हीलला पन्नास हजार घालताना नाही करत.

चाकणचा_फिटर
गन वाईट नाही. गनने हलकं बसवायचं, गाडी खाली उतरवायची आणि शेवटचं पान्याने, चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एक बोल्ट सोडून एक. आमच्या लाइनवर हेच शिकवलं. पोरगा बरोबर बोलतोय, मावशीही.

श्टुटगार्टकर
इथे हिवाळी टायर चढवून दिले की बिलावरच छापलेलं असतं, ५० किमीनंतर बोल्ट पुन्हा आवळा. खरं सांगायचं तर मीही एकदाही आवळले नाहीत.

रेप्लिका_राजा
चला, जर्मनीचा एक तरी उपयोग झाला.

आता ऐका. मावशींनी बोल्ट विचारले म्हणून आज सकाळी एक काढून बघितला. गोल बुडाचा आहे, गाडीसोबत आलेला. व्हीलची खाच कोनाची. म्हणजे चार वर्षं मी एका रेघेवर फिरतोय. कुणी हसू नका. बोल्ट मागवलेत, कोनाचे, एम१४×१.५.

टायर जुने झालेच होते, बदलायला काढले तेव्हा शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर व्हीलही ठेवलं. ११ किलो ४००. पण नागमोडी, तुझं ३.७ पंधरा इंचीचं आणि माझं सतरा इंची, ही तुलना बेइमानीची आहे. तेवढं कबूल कर.

नागमोडी
तुलना लबाडीची होती, मान्य. ११.४ म्हणजे मात्र तरीही दळायचं जातं आहे, व्हील नाही.

आणि पोराला उत्तर द्यायचं राहिलं. माझ्या व्हीलांनाही दुकानदाराने पन्नास किलोमीटरनी बोलावलं होतं. नाही गेलो. बास?

टायरवाल्याचा_पोरगा
बास. बाबांना वाचून दाखवलं, जाम हसले.

रेप्लिका_राजा
हसून झालं असेल तर एक काम. बोल्ट परवा येतायत. तो भिंतीवरचा पाना धूळ झटकून तयार ठेवा, १७ चा पातळ सॉकेट मी आणतो. दुकान नक्की कुठल्या बाजूला, मुंबईकडून येताना डावीकडे का?

टायरवाल्याचा_पोरगा
उजवीकडे. यू-टर्न लांब आहे, सावकाश या. बोल्ट बदलेपर्यंत ऐंशीच्या खाली.