डिसेंबरात पहिला स्कूबा कोर्स परदेशात: थायलंड, बाली की मालदीव?

खारघर सेक्टर सात

नमस्कार मंडळी. 20 ते 28 डिसेंबर सुट्टी मिळते आहे. मी, नवरा आणि 12 वर्षांची मुलगी. नुसती बुडी मारून फोटो काढायचे नाहीत, ओपन वॉटरचं कार्ड (स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र) घ्यायचंय. पोहणं: मुलीचं उत्तम, माझं बरं, नवऱ्याला 50 मीटरनंतर धाप लागते. त्याला उणे चारचा चष्मा आणि भरघोस मिशा. टूरवाले को ताओ सुचवतात, ऑफिसात सगळे बाली म्हणतात, सासूबाईंचं मत मालदीव (विमान जेमतेम तीन तासांचं म्हणून). काय निवडावं?

उपवनचा बेडूक

ताई, देश नंतर, आधी महिना बघा. तुमच्या तारखांना यादीतलं पहिलंच नाव गळतं. को ताओ थायलंडच्या आखातात आहे आणि तिथला पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नाही, नोव्हेंबर-डिसेंबरात पडतो. पाणी गढूळ, समुद्र खवळलेला, चुंफोनच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीही कधीकधी रद्द. मार्च ते सप्टेंबरमधलं विचारलं असतंत तर डोळे मिटून को ताओ म्हटलं असतं. नवशिक्यांना शिकवण्याचा तो कारखानाच आहे.

थायलंडची दुसरी बाजू, म्हणजे अंदमान समुद्राची, डिसेंबरात मात्र ऐन बहरात असते. सिमिलन बेटं दरवर्षी साधारण 15 ऑक्टोबर ते 15 मे एवढीच उघडी ठेवतात. शिकायला फुकेतजवळचं राचा याई बेट घ्या. आडोशाचे उपसागर, वाळूचा तळ, पाणी 28-29 अंश. वाळूचा तळ महत्त्वाचा, कारण शिकणारा माणूस गुडघ्यांवर बसतो, लोळतो, धडपडतो. प्रवाळ असेल तर ते मोडतं आणि गुडघेही सोलवटतात. फुकेतची गर्दी नको असेल तर को लांताला राहून को हा बेटांवर जाता येतं. त्याच किनाऱ्यावरची हिन डेंग, हिन मुआंग ही नावं पॅकेजमध्ये दिसली तर खोडून टाका. तिथे खोली जास्त आणि पाण्याला ओढ असते. नव्या कार्डावर तिथे जायचं नसतं.

बाली डिसेंबरात पावसाळी. तरी तुलांबेनचा किनारा तुलनेने कोरडा असतो आणि तिथलं लिबर्टी जहाज नवख्यालाही झेपतं. 1942 मध्ये पाणतीर लागलेलं हे जहाज किनाऱ्यावर आणून ठेवलं होतं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखी उसळला तेव्हा ते पुन्हा पाण्यात सरकलं. आज त्याचा वरचा भाग 5 मीटरच्या आसपास आहे, खालचा 30 च्या जवळ. किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरायचं, बोट लागत नाही. अडचण एकच: गोल, गुळगुळीत, काळे धोंडे. पाठीवर सिलेंडर घेऊन त्यांवरून चालताना लाट आली की माणूस हमखास आडवा होतो. जाड तळव्याचे बूट घ्या आणि फिन्स (पायातले पोहण्याचे पंखे) कमरेइतक्या पाण्यात गेल्यावरच चढवा. मात्र ‘नुसा पेनिदा, मांता पॉइंट’ पहिल्या सहलीत नको. पाणी अचानक थंड होतं आणि प्रवाह कधी खाली खेचतो.

मालदीवबद्दल सासूबाईंचं निम्मं बरोबर. कोर्स लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या आडोशाच्या उथळ पाण्यात, छान होतो, पाणी काचेसारखं. गडबड कार्ड मिळाल्यानंतर होते: तिथली खरी मजा ‘कंडू’मध्ये, म्हणजे दोन बेटांमधल्या खाडीत, आणि तिथे भरती-ओहोटीला पाणी धावतं. माफुशी, धिगुरा अशा वस्तीच्या बेटांवर राहिलात तर रिसॉर्टपेक्षा बराच स्वस्तात भागतं. डॉलरचा दर विचारताना त्यावर चढणारा कर आणि सर्व्हिस चार्ज धरूनच विचारा.

श्रीलंकेची पश्चिम बाजू, हिक्कडुवा-उनावटुना, नोव्हेंबर ते एप्रिल चालू असते. खर्च कमी, विमान जवळचं, पण पाण्याखाली लांबवर दिसेल याची खात्री नाही. त्रिंकोमाली मे ते सप्टेंबरचं, त्यामुळे आत्ता नकोच. लाल समुद्रात डिसेंबरचं पाणी 23-24 अंश; तुमच्या मुलीचे दात वाजतील.

माझं मत: राचा याई.

दडे बसलेला, ठाणे पूर्व

ठिकाण कुठलंही घ्या, कोर्स फसतो तो दोनच गोष्टींवर: कान आणि मास्क.

खंडाळ्याचा घाट उतरताना कानात दडे बसतात, तेच इथे पहिल्या दोन मीटरांत होतं. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून पहिले 10 मीटर सगळ्यात त्रासाचे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, डोकं पाण्याखाली जाण्याआधीच सुरुवात करायची आणि पुढे दर अर्ध्या-एका मीटरला करत राहायचं. दुखलं तर जोर लावू नका. मीटरभर वर या, कान मोकळा झाला की पुन्हा खाली. दुखेपर्यंत थांबून मग जोरात फुंकणारे पडद्याला इजा करून घेतात. सर्दी-पडसं असेल तर डाइव्ह नाहीच. नाक मोकळं करणारी गोळी खाऊन उतरलात आणि तिचा असर पाण्यातच ओसरला, तर वर येताना हवा अडकते.

मास्क: दुकानात पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने श्वास ओढा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर मापाचा. साहेबांच्या मिशांमधून पाणी झिरपणारच. नाकाखालची एक पट्टी भादरली की बहुतेक भागतं. व्हॅसलीन नको, सिलिकॉन खराब होतं. उणे चारसाठी अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यात तयार काचा मिळतात. पाण्यात वस्तू मोठ्या दिसतात, त्यामुळे थोडा कमी नंबरही चालतो. नव्या मास्कच्या काचेला आतून तेलकट थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट लावून बोटाने चार-पाच वेळा घासा, नाहीतर दर मिनिटाला धुकं. आधी चाचणी म्हणून एक कोपरा घासून बघा.

आणि हा सराव घरीच करा: टबात किंवा मोठ्या घमेल्यात तोंड बुडवायचं, मास्क न लावता, नाक उघडं, आणि स्नॉर्कलमधून (तोंडात धरायची नळी) एक मिनिट तोंडानेच श्वास. पहिल्यांदा दहा सेकंदांत डोकं वर येईल. नाकाशी पाणी असताना तोंडाने श्वास घेणं जमलं की मास्क काढून पुन्हा लावण्याचा धडा सोपा जातो. रडत परत येणारे बहुतेक याच धड्यावर अडकलेले असतात.

पोहण्याची अट: न थांबता 200 मीटर, कुठल्याही पद्धतीने, वेळेचं बंधन नाही, किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्कलसह 300 मीटर. शिवाय 10 मिनिटं तरंगणं. धाप लागते ती बहुधा घाईने. वेग निम्मा करा आणि आठवड्यातून तीनदा तरणतलावात जा.

पामबीच 400706

कागदपत्रांचं. थिअरी ऑनलाइन इथेच संपवा. वैद्यकीय प्रश्नावली आत्ताच उतरवून बघा: दमा, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाब अशापैकी कशाला ‘हो’ आलं तर डॉक्टरची सही लागते. ती नेरूळ-वाशीत घ्या. बेटावर दवाखाना शोधत फिरलात की एक दिवस गेलाच.

प्रवास विमा घेताना ‘साहसी खेळ वगळून’ ही ओळ शोधा. डाइव्हिंगचा वेगळा विमा मिळतो, त्यात दाबकक्षाचा (डाइव्हनंतर त्रास झाला तर ज्यात ठेवून उपचार करतात ती बंद खोली) खर्च धरलेला असतो. तोच खरा मोठा खर्च.

सेंटरला ईमेलवर विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती शिकणारे? नियमाने उघड्या पाण्यात आठपर्यंत चालतात. तुम्ही चारच्या वर जाऊ नका. बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का? कार्डाची फी, भाड्याची साधनं, पार्कची फी दरात धरली आहे का? लहान मापाचा वेटसूट आणि बीसीडी (सिलेंडर अडकवायचं, हवा भरून तरंगवणारं जॅकेट) आहे का? मुलीला ज्युनियर कार्ड मिळेल, 12 ते 14 वयात कार्डधारक मोठ्यासोबत 18 मीटरपर्यंत.

आणि पाठीवरच्या सिलेंडरला ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणू नका हो, आत साधी दाबलेली हवा असते.

मालवणला कमरेला धरून फिरवून आणतात ती ओळख आहे, कोर्स नव्हे. पण मुलीला आवडतंय का हे कळायला वाईट नाही.

खारघर सेक्टर सात

फुकेत ठरतंय. परतीचं विमान 28 ला दुपारी एकला फुकेतहून बँकॉक, तिथून रात्री मुंबई. 27 ला दुपारी तीनपर्यंत डाइव्ह चालेल?

उपवनचा बेडूक

डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन साठलेला असतो, लगेच विमानात बसलं तर त्याचे बुडबुडे होऊन त्रास होतो, म्हणून मध्ये तास सोडायचे. ते मोजायचे पहिल्या विमानापर्यंत, मुंबईच्या नव्हे. तीन ते एक म्हणजे 22 तास. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर किमान 18 सांगतात, बहुतेक सेंटरवाले 24 धरतात. 27 ला सकाळच्या दोनच करा, अकराला पाण्याबाहेर या. 26 तास मिळतात. दुपारी वेटसूट परत करा आणि लॉगबुकात एक आकडा लिहून घ्या: खाऱ्या पाण्यात खाली जायला कमरेला किती किलो शिसं लागलं. पुढच्या वेळी नवा इन्स्ट्रक्टर हेच पहिलं विचारेल, आणि माहीत नसेल तर सवयीने दोन किलो जास्त बांधेल.