घरामागे जुन्या गाड्यांचं यार्ड, टाउनचा कुंपणाचा नियम कितपत कामाचा?

हडसनकाठी
नमस्कार मंडळी. न्यूयॉर्क स्टेटमध्ये हडसन व्हॅलीत घर शोधतोय, आठ महिने झाले, चार ऑफर हातातून गेल्या. आता एक मिळेलसं वाटतंय, सव्वा एकर, शाळा चांगली, आणि भाव आजूबाजूच्या घरांपेक्षा बराच कमी. का कमी ते दुसऱ्या खेपेला कळलं. जूनमध्ये बघितलं तेव्हा मागे नुसती हिरवीगार झाडी, मग ते दुसऱ्याला गेलं, त्याचं डील मोडलं, परवा नोव्हेंबरात परत गेलो तर पानं सगळी गळलेली आणि किचनच्या खिडकीतून थेट भंगार गाड्यांचं यार्ड. एकावर एक तीन-तीन रचलेल्या, एक पिवळी स्कूलबस पण आहे. कुंपण आहे, चेनलिंकची जाळी आणि त्यात हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्या ओवलेल्या, पण अर्ध्या वाऱ्यानं उडून गेल्यात. एजंट म्हणतो काळजी नको, कायद्याने आठ फुटी कुंपण लागतं, टाउनला (म्हणजे इथल्या गावाच्या पालिकेला) सांगितलं की झाडंही लावायला लावतील. खरंय का हे? सासूबाईंचं म्हणणं, कुर्ल्याला खिडकीतून हेच दिसायचं, तेव्हा कुणाचं काय बिघडलं. कुणाला अनुभव?

मोजपट्टी
याच स्टेटमध्ये प्लॅनिंगच्या कामात आहे, वकील नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा. एजंट अर्धं खरं बोलला. राज्याच्या जनरल म्युनिसिपल लॉचं कलम १३६ आहे, नोंदणी नसलेल्या, रस्त्यावर चालवायच्या लायकीच्या न राहिलेल्या दोन गाड्या जरी विकायला किंवा पार्ट काढायला ठेवल्या तरी ते जंकयार्ड धरतात. त्याला टाउनचं लायसन्स लागतं, दरवर्षीचं. कुंपण किमान ८ फूट, हायवेपासून ५० फूट आत, गेटला कामाची वेळ सोडून कुलूप. शाळा, चर्च, हॉस्पिटल, सार्वजनिक इमारत यांच्या ५०० फुटांत असेल तर लायसन्स नाही. पण या यादीत घर नाहीये. तुमचं घर ८० फुटांवर असलं तरी ही ५०० फुटांची बंदी त्याला लागू नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. जमिनीचा चढउतार किंवा आधीपासून असलेली झाडी यामुळे यार्ड झाकलं जात असेल तर टाउनच्या बोर्डाला कुंपणाची अट कमी करता येते. म्हणजे जूनमध्ये तुम्हाला जी हिरवीगार झाडी दिसली ना, कदाचित तिच्याच जिवावर त्याला तुमच्या बाजूला सूट मिळालेली असेल. बोर्डाची पाहणी उन्हाळ्यात झाली असेल तर विचारूच नका.

मुळात हे यार्ड झाकायचं (स्क्रीनिंगचं) प्रकरण देशभर पसरलं ते १९६५ च्या हायवे ब्युटिफिकेशन कायद्यानं, प्रेसिडेंट जॉन्सन आणि त्यांच्या बायको लेडी बर्ड यांच्या आग्रहाचा. हायवेच्या हद्दीपासून १००० फुटांतलं जंकयार्ड झाका, नाहीतर हलवा, आणि राज्यानं हे केलं नाही तर केंद्राच्या रस्त्याच्या पैशात १० टक्के कात्री. त्यातही इंडस्ट्रियल झोनमधल्या यार्डांना मोकळीक. म्हणजे बघा, सगळा विचार गाडीतून जाणाऱ्याच्या डोळ्याचा, मागच्या घरात भांडी घासणाऱ्याचा नाही. शेजाऱ्यासाठी काही असलंच तर ते मुख्यतः टाउनच्या झोनिंग कोडमध्ये (कुठल्या जागेवर काय चालेल त्याचे नियम) आणि साइट प्लॅन (जागेवरच्या बांधकामाचा आराखडा) मंजूर करताना बोर्डानं घातलेल्या अटींमध्ये असतं. तेव्हा टाउन क्लार्ककडे जा, माहितीच्या कायद्याखाली (इथे फॉइल म्हणतात) त्या पार्सलची (जमिनीच्या तुकड्याची) फाइल मागा, पाच कामाच्या दिवसांत त्यांना पोच तरी द्यावीच लागते. यार्ड झोनिंगच्या आधीचं असेल तर ते ग्रँडफादर्ड, जुनं म्हणून चालू राहणार, मग तुमचा जोर फक्त लायसन्स रिन्यू होताना.

घर उंचावर आहे का यार्ड? आणि अंतर किती?

हडसनकाठी
बापरे, थँक्यू. घर उंचावर, साधारण २० फूट. कुंपण घरापासून २०० फूट, यार्डचं पलीकडचं टोक ५०० च्या आसपास. (नकाशावर मोजलं.)

मोजपट्टी
मग ते आठ फुटी कुंपण विसराच. किचनमध्ये उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून ५ फूट धरला तर यार्डपेक्षा २५ फूट वर झाला. पलीकडच्या टोकाला ५ फूट उंचीची गाडी उभी आहे, तिच्यापर्यंत सरळ रेघ मारा, ती कुंपणापाशी १७ फुटांवरून जाते. १७ फुटी कुंपण कोण बांधतंय! पण उतार सरळ आहे असं धरून तीच रेघ तुमच्या घरापासून ४० फुटांवर बघा, तिथे ती जमिनीपासून साडेसात फूटच वर आहे. म्हणजे तुमच्याच अंगणात साडेसात-आठ फुटी झाड बास. वरच्या मजल्याच्या खिडकीसाठी तिथेच १६-१७ फूट लागेल, त्याला काही वर्षं थांबावं लागेल. तीन थरांच्या गाड्या यात धरलेल्या नाहीत, त्यामुळे ढीग कुंपणापेक्षा उंच नसावा अशी अट फाइलमध्ये आहे का ते आधी बघा.

चिंचगुळी
आम्ही पेन्सिल्व्हेनियात, असंच यार्ड, सहा वर्षं झाली. झाडांचं मी सांगते कारण त्यात आमचे पैसे गेलेत. यार्डवाल्यानं टाउनशिपच्या सांगण्यावरून एमराल्ड ग्रीन अर्बोविटे या सदाहरित झाडांची सुंदर रांग लावली, पहिल्या हिवाळ्यात हरणांनी हरणाची मान पोचते तिथपर्यंत खाऊन साफ केली, वरती छत्री आणि खाली दांडा, आणि त्या दांड्यांमधून गाड्या अगदी छान फ्रेम करून दिसायच्या. मग आम्ही आमच्या बाजूला व्हाइट पाइन लावणार होतो पण नर्सरीतल्या म्हाताऱ्यानं अडवलं, म्हणाला वय झालं की ती खालून उघडी पडतात. शेवटी नॉर्वे स्प्रूस आणि ग्रीन जायंट (हाही अर्बोविटेचाच प्रकार), दोन रांगा, समोरासमोर नाही तर एकाआड एक, म्हणजे पुढच्या दोन झाडांमधली फट मागचं झाड भरून काढतं. ग्रीन जायंट हरणं सहसा सोडून देतात आणि एकदा मूळ धरलं की वर्षाला तीन-एक फूट सहज वाढतं. पहिली दोन वर्षं मात्र पाणी घालावंच लागतं, आणि टाउनशिपच्या कागदात "झाडं लावावीत" एवढंच होतं, जगवावीत असं कुठेच नव्हतं 😄 तुमच्या फाइलमध्ये मेलेलं झाड बदलायची अट आहे का ते नक्की बघा ताई/दादा जे असाल ते.

टाकीचे_घाव
कुंपण राहू द्या, पाणी विहिरीचं आहे का? असेल तर ऑफर टाकायच्या आधी व्हीओसीची (पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांची) टेस्ट करा. पेट्रोल, ऑइल, कूलंट जमिनीत मुरलं तर झाडं काय झाकणार. आणि घर विकणाऱ्या मालकाकडून प्रॉपर्टी डिस्क्लोजरचा फॉर्म (घरातले माहीत असलेले दोष लिहून द्यायचा) भरून घ्या, पूर्वी घेणाऱ्याला ५०० डॉलर क्रेडिट देऊन टाळायचे, २० मार्च २०२४ पासून ती पळवाट बंद आहे.

गॅरेजकर
सगळे यार्डवाल्याच्या मागे लागलेत म्हणून जरा दुसरी बाजू. यार्ड आधी आलं का घर? बहुतेक यार्डच, मग मागची शेतं विकून घरं झाली आणि आता सगळ्यांना ते खुपतं. माझ्या कॅमरीचा आरसा डीलरकडे तीनशेच्या वर सांगितला होता, यार्डात चाळीसला मिळाला. गावाला अशी जागा लागतेच हो. आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि मग २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवडच्या चिखली-कुदळवाडीत भंगार दुकानांचं झालं तसं एकदम जेसीबी, त्यापेक्षा इथलं दरवर्षी लायसन्स आणि कुंपणावरून कुरकुर हे मला बरं वाटतं. तक्रार करण्याआधी एकदा जाऊन यार्डच्या मालकाला भेटा. माझ्या मित्रानं नुसतं विचारलं, तर उंच ढीग त्यानं स्वतःहून पलीकडच्या बाजूला नेला, क्रेन होतीच त्याच्याकडे, एक दुपार लागली.

चिंचगुळी
@गॅरेजकर हे पटलं. आमचा पण वाईट नाहीये, फक्त त्याचा कुत्रा.

हडसनकाठी
अपडेट. क्लार्कबाईंनी फाइल अपेक्षेपेक्षा लवकर दिली. यार्ड ग्रँडफादर्डच आहे, पण मध्ये त्यानं एक शेड वाढवली तेव्हा साइट प्लॅनला यावं लागलं आणि बोर्डानं तेव्हा अट घातली होती, मागच्या हद्दीला सदाहरित झाडांची दुहेरी रांग, लावताना ६ फूट, मेलेलं झाड पुढच्या सीझनच्या आत बदलायचं. प्लॅनवर ४० गोल काढलेत. काल कुंपणाच्या कडेकडेनं चालत मोजली, अकरा उरलीत, त्यातली चार वाळलेली, आणि आहेत ती व्हाइट पाइन, खालून उघडी, चिंचगुळीताई बरोबर. ढिगाच्या उंचीबद्दल एक शब्द नाही.

पाण्याचे नमुने सोमवारी दिले. रिपोर्ट नीट आला तर झाडांचा खर्च किमतीतून कापून ऑफर टाकतोय. यार्डच्या मालकाला भेटलो, साठीचा माणूस, म्हणाला बस विकायचीच आहे, कुणी नेत नाही. लायसन्स १ एप्रिलला संपतं, मार्चच्या मीटिंगला जाणार आहे, जमलं तर त्याला बरोबर घेऊनच.