कोकणातल्या घराला पडवी ठेवावी की काचेची भिंत?

प्रश्न: रत्नागिरीजवळ आम्ही जांभ्याचे घर बांधत आहोत. बैठकीची खोली आणि अंगण एकमेकांत मिसळावे म्हणून पश्चिमेला सरकत्या काचेची भिंत सुचवण्यात आली आहे. पावसाळ्यात तिचा निभाव लागेल का?

उत्तर १: पश्चिमेला उघडी काच ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जून ते सप्टेंबर समुद्राकडून येणारा पाऊस तिरपा झोडपतो, सरकत्या दाराच्या रुळांत पाणी आणि माती साचते आणि उन्हाळ्यात दुपारचे ऊन थेट आत येते. त्याऐवजी ८ फूट रुंद पडवी घ्यावी, तिच्या फरशीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि पागोळ्या जोत्यापासून दूर पडतील इतके छप्पर पुढे काढावे.

उत्तर २: आमच्या घरी पावसाळ्यापूर्वी पडवीला माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधतात. झड आत येत नाही, वारा मात्र खेळता राहतो. भर पावसातही आम्ही तिथेच बसून फणसाचे गरे काढतो.

प्रश्नकर्ता: पडवीमुळे आतली खोली काळोखी होईल ना?

उत्तर १: थोडी होईल. मंगळुरी कौलांमध्ये चार-पाच काचेची कौले बसवा, त्यांतून येणारा उजेड दिवसभर पुरतो.