मदत हवी आहे: डाव्या कॅरोटिडचा (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा) स्टेंट मनगटातून घालावा का?
रुग्णाचं वय 72. डाव्या इंटर्नल कॅरोटिडमध्ये 80 टक्के अडथळा, 6 दिवसांपूर्वी टीआयए (थोड्या वेळात ओसरणारा छोटा स्ट्रोक). तोंडाच्या कॅन्सरसाठी मानेला रेडिएशन झालंय, कातडी पुठ्ठ्यासारखी. म्हणून एंडार्टरेक्टॉमी (मान उघडून धमनी साफ करणं) नको. पण आर्च (महाधमनीची कमान) टाइप 3, म्हणजे फाटे कमानीच्या माथ्यापासून बरेच खाली निघतात, शिवाय बोव्हाइन, म्हणजे डावी कॅरोटिड उजवीकडच्या मोठ्या फाट्याबरोबरच निघते. जांघेतून शीथ (कॅथेटर आत न्यायची बाहेरची नळी) चढवताना ती आर्चमध्ये घसरते, खरवडून निघालेला कचरा मेंदूत जातो. म्हणून उजव्या रेडियलचा (मनगटातल्या धमनीचा) विचार आहे, पण ती जेमतेम 2.2 मिमी, 6 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) लांब शीथ बाहेरून त्याहून जाड. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल (गुठळी रोखणारी औषधं) दोन्ही चालू आहेत. बलून फुगवण्याआधी ॲट्रोपिन (नाडी मंदावू नये म्हणून) देणारच.
अशा बारीक रेडियलमध्ये शीथशिवाय थेट गाइड कॅथेटर घातलाय का कुणी? वळणावर मुडपतो का? की ब्रेकियल (दंडातली धमनी) उघडून जावं? टीआयएपासून दोन आठवड्यांच्या आत उरकायचंय.