नानांचे व्हेंटिलेटर काढायचे, ते कोणासाठी?

प्रश्न (रावेर तालुका):
माझे वडील, नाना, वय ८४, मेंदूतील रक्तस्रावानंतर अकरा दिवस एका सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. काल डॉक्टरांनी सुधारणेची आशा उरली नसल्याचे सांगितले आणि त्याच दमात जोडले की, कपाशीवर फवारायचे औषध पोटात गेलेला बावीस वर्षांचा मुलगा यंत्राविना खाली पडून आहे. मी जाऊन पाहिले. त्याची आई आणि मामा आळीपाळीने हाताने फुगा दाबून त्याला श्वास देत होते. संमती दिली तर वडिलांचा जीव मी दुसऱ्याला दिला, असे होईल का?

उत्तर (धुळे, निवृत्त परिचारिका):
दादा, डॉक्टरांनी दोन वेगळे प्रश्न एकत्र केले, हे चुकले. त्यांना एवढेच विचारा: दहा व्हेंटिलेटर रिकामे असते, तरी तुम्ही हाच सल्ला दिला असता का? "हो" म्हणाले, तर निर्णय नानांच्या हिताचा आहे आणि त्या मुलाचे ओझे तुमच्यावर नाही. "नाही" म्हणाले, तर यंत्र कोणाला द्यायचे हे ठरवणे रुग्णालयाचे काम आहे, तुमचे नव्हे. अशा विषबाधेत यंत्राच्या आधारे काही दिवस निभावले, तर पुष्कळ रुग्ण बरे होतात. म्हणून जागा नसेल तर त्याला १०८ वरून तातडीने दुसरीकडे हलवायला हवे. यंत्र काढले तरी नानांची धाप आणि वेदना शमवणारी औषधे चालूच राहिली पाहिजेत, हे आग्रहाने सांगा.

उत्तर (अमळनेर, वकील):
सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा वेळी उपचार थांबवण्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत केली. तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि तिघांचेच दुय्यम मंडळ मत देते, कुटुंबाची लेखी संमती लागते. दुसऱ्या रुग्णाची निकड हा त्यात निकषच नाही.

उत्तर (शहादा):
वयावरून वाटप करण्याला माझा विरोध आहे, पण आपल्याकडे खरे वाटप पैशावरून होते. ऐपत असलेला नाशिक गाठतो आणि फुगा दाबायची वेळ गरिबाच्या आईवर येते.

प्रश्नकर्ता:
आज सकाळी तेच विचारले. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, दहा रिकामे असते तरी हेच सांगितले असते. मंडळाची कागदपत्रे सुरू झाली आहेत. मुलाला पहाटे दुसऱ्या रुग्णालयात जागा मिळाली. आई नानांचा हात धरून बसली आहे आणि आता मीही त्यांच्याजवळ बसू शकतो.